मामीच्या कपाटातली तोरा

बस थांबली ती बरोबर आमच्या दुकानाच्या पायरीला चिकटून. आत एक बाई नवऱ्याचा सूट न्यायला आल्या होत्या, त्यांना बाहेर पडता येईना. मी काउंटरवरूनच ओरडले, "अहो ड्रायव्हर, गाडी घ्या पुढे, इथे माणसं ये-जा करतात!" तर गाडी पुढे जायच्या ऐवजी दार उघडलं आणि एकामागून एक पोरंपोरी खाली उतरायला लागली. सगळ्यांच्या हातात फोन. उतरल्या उतरल्या पहिलं काम काय केलं असेल? दुकानाच्या पाटीचे फोटो काढले. ती पाटी मी कधीची पुसायची म्हणत होते.

"आले वाटतं तुझे पाहुणे," मामी आतून, प्रेसच्या वाफेतून म्हणाली.

माझे पाहुणे! फोनवर भांडली ही, शब्द दिला हिने, आणि पाहुणे माझे.

नीट सांगते. आम्ही ज्यू. या गावात एके काळी आमची अख्खी गल्ली होती, शाळा होती, प्रार्थनाघर होतं. मग एकेक घर परदेशात निघालं. कुणी शिकायला गेलं, कुणी मुलीच्या पाठोपाठ, कुणी नुसतं सगळे चालले म्हणून. मागे उरलो आम्ही. मी, माझी मामी, आणि मामांचे धाकटे भाऊ. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणतात. आणखी दोन-तीन म्हाताऱ्या आहेत, पण त्यांच्या खाटा सुटत नाहीत. बसमधून उतरलेली पोरं म्हणजे त्या निघून गेलेल्यांची नातवंडं. आजी-आजोबांचं गाव बघायला जन्मात पहिल्यांदा येत होती. तिकडे त्यांचं एक मंडळ आहे, त्या मंडळाने सहल काढलेली. पोरांना त्यांची मुळं दाखवायचीत, असं मंडळाच्या अध्यक्षांनी मामीला फोनवर सांगितलं होतं.

"झाड उपटून घेऊन गेलात, आता मुळं बघायला इथे कशाला येताय?" मामीने विचारलं आणि फोन आपटला.

पण मुळं वगैरे सगळं बोलायला. खरं काम वेगळंच होतं. आमच्या प्रार्थनाघरात तोरा आहे. म्हणजे आमचा धर्मग्रंथ, कातड्यावर हाताने लिहिलेला, दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला. मंडळाचं म्हणणं असं, की तुमच्याकडे ती नुसती कपाटात पडून आहे, आमच्याकडे दर आठवड्याला वाचली जाईल, तेव्हा पोरांबरोबर पाठवून द्या. तसं पाहिलं तर मंडळाचं चुकत नव्हतं. तोरा उघडून वाचायची तर दहा पुरुष लागतात. आमच्याकडे पुरुष म्हणून एकटे चष्मेवाले काका. मामा गेले त्यानंतर ती गुंडाळी कुणी उघडलीच नव्हती.

मामीला ती जायला नको होती. बस, एवढंच. बाकी सगळा गोंधळ त्यातून झाला.

मामी काय चीज आहे हे सांगायचं तर प्लास्टिकपासून सुरुवात करावी लागेल. आमची लाँड्री. भिंतीवर पारदर्शक पिशव्यांचा मोठा रोल टांगलेला असतो. कपडा प्रेस झाला की हँगरवर, हँगरवरून थेट पिशवीत, वर गाठ. "धुतला की निम्मं काम, झाकला की पुरं," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. दुकानापुरतं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. घरीही तेच. सोफा प्लास्टिकमध्ये, खुर्च्या प्लास्टिकमध्ये, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, त्यामुळे आवाज वाढवायचा तर बटणावर अंगठा मोडेपर्यंत दाबायचं. उकाड्यात तिच्या सोफ्यावरून उठणं म्हणजे मांडीची साल काढून घेणं. मामा वैतागून म्हणायचे, "मी मेलो की मलाही घालशील पिशवीत." मामांना नाही घातलं, पण त्यांची टोपी घातली. अजून कपाटात आहे. बाहेरून दिसते, हात लावता येत नाही.

आणि प्रार्थनाघर म्हणजे तर तिचं दुसरं घर. किल्ली तिच्या कमरेला. झाडायचं तिने, दिवे पुसायचे तिने, बाकांना पॉलिश तिने, पडदे धुवायचे तर अर्थातच तिने. प्रार्थनेला माणसं मोजायची वेळ आली की मात्र तिला मोजायचं नाही, कारण ती बाई. याबद्दल ती कधी चिडली नाही. एरवी बटण तुटलं म्हणून आरडाओरडा करणारी बाई, पण या बाबतीत गप्प. मीच चिडायचे. मला म्हणायची, "तुला काय करायचंय, तू काउंटर सांभाळ."

तर अध्यक्षांचा पुन्हा फोन आला तेव्हा ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "न्या. पण आधी इथे वाचायची. गुरुवारी सकाळी, दहा जण उभे करून, मला ऐकू येईल अशी. मग न्या खुशाल."

अध्यक्ष खूश. मी फोन संपेपर्यंत दम धरला आणि मग तिच्यावर तुटून पडले. "अगं मामी, हे काय कबूल करून बसलीस?"

"दहा व्हायचे नाहीत," ती शांतपणे म्हणाली.

"अगं पण आठ मुलगे येतायत. त्यांचा म्होरक्या धरून नऊ. काका दहावे. झाले की!"

"आठ मुलगे म्हणजे सात. तू बघ. तुझ्या मामांच्या वेळी मी दहा जमवताना पाहिलंय. एकाला ताप, एकाची आंघोळ राहिलेली, एक म्हणे येतोच आणि मेला उगवत नाही. नऊ होतात. नऊ नेहमी होतात."

असा तिचा डाव होता. आणि खरं सांगू, पोरं बघितली तेव्हा मलाही वाटलं की डाव जिंकला.

म्होरक्या तिशीचा. गळ्यात शिट्टी. मी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं. सारखा आपला शिट्टी वाजवून माणसं गोळा करतोय आणि माणसं सारखी पांगतायत. त्याने चाकांची एक काळी पेटी आणली होती, आतून गादी लावलेली. तोरा न्यायला. आल्या आल्या मामीला म्हणतो, "आजी, कपाट उघडता का? पेटीत बसते का बघतो."

"आजी कोण?" मामी म्हणाली. "आणि आधी दहा. मग कपाट."

पोरांना आपली भाषा येत होती, पण ती आजीकडून शिकलेली. एक आडदांड मुलगा, दाढी बिढी, काउंटरवर येऊन मला म्हणाला, "अगं बाई, मी फार दमले गं." हसू दाबता दाबता माझी मरायची वेळ आली. त्याला पाणी दिलं तर म्हणाला, "सुखात राहा हो." त्याचा राग कसा करणार?

पण बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत नाकी नऊ आणले. गल्ली दाखवायला मला जुंपलेलं. एक उंच मुलगी होती, तिच्या आजीचं घर सापडलं. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ती दारात उभी राहून ढसाढसा रडायला लागली. दुकानदार बिचारा घाबरला. त्याला वाटलं, फोन बंद पडला म्हणून रडतेय. तिच्या हातातला फोन घेऊन उघडला, फुंकर मारली, पुसून परत दिला, पैसे नकोत म्हणाला. ती आणखीच रडली. मी दोघांना समजावत बसले, तोवर मागे एक मुलगा नाहीसा झालेला. तो मुलगा दिवसभर नाहीसाच होत होता. मी त्याला गायब म्हणायला लागले. एकदा सापडला न्हाव्याकडे, केस कापून घेत. एकदा कुणाच्या तरी गच्चीवर, कबुतरं बघत. विचारलं तर म्हणे, "त्यांनी वर बोलावलं." कुणीही बोलावलं की हा जातो!

घरी येऊन मामीला सांगितलं तर तिचा चेहरा उजळला. "बघ," म्हणाली, "म्हटलं नव्हतं? सात." आणि त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. प्लास्टिक घातलेल्या खुर्च्यांवर बसवून. गायबला आग्रह करकरून वाढत होती. मला तिचा कावा कळत होता. जड झालेलं पोर सकाळी लवकर उठत नाही.

जेवताना उंच मुलीने विचारलं, "मामी, उद्या दहा मोजताना आम्हाला मुलींना का नाही मोजायचं? आमच्याकडे तिकडे मोजतात."

सगळ्यांचे हात थांबले. मॉनिटरने शिट्टीला हात लावला, जणू आता वाजवणारच.

मामी म्हणाली, "तीस वर्षं किल्ली माझ्याकडे आहे. मला कुणी मोजलं नाही. तुला आज आल्या आल्या कुठून मोजू?" आणि तिच्या ताटात आणखी वाढलं. ते बोलणं मला आवडलं नाही. मी मध्ये पडणार होते, पण मामीने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा जग उचलून आत गेले.

गुरुवारी सकाळी प्रार्थनाघर. मामीने आदल्या दिवशीच बाक पुसलेले. आम्ही बायका मागे बसलो. पोरं पुढे, डोक्यावर टोप्या, काहींच्या नीट, काहींच्या कानावर लटकलेल्या. त्यांच्यात एक पंडित होता. चष्मा लावलेला, किडकिडीत, त्याला तोरा सुरात वाचता येत होती. तो घसा साफ करत उभा होता.

आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत. चांगलं नसतं ते. म्हणून दहा शब्दांचं एक वाक्य आहे, ते म्हणायचं, एका माणसाला एक शब्द. चष्मेवाले काका उभे राहिले आणि एकेकाकडे मान वळवत शब्द म्हणू लागले. सगळे संपले आणि एक शब्द काकांच्या तोंडात तसाच राहिला. द्यायला माणूस नाही.

"गायब कुठाय?" मी मोठ्याने बोलून गेले.

मॉनिटरचं तोंड पांढरं पडलं. बाहेर जाऊन त्याने अशी शिट्टी वाजवली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दोन पोरं पळाली, ती परत येईनात, तेव्हा मॉनिटर त्यांना शोधायला पळाला. म्हणजे होते तेही गेले! काका कपाळाला हात लावून बाकावर बसले. आणि मामी? मामी मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होती, गालातल्या गालात हसत. मी कोपराने ढोसलं तर कुजबुजली, "आता चहा टाक. ही काही जमत नाहीत."

मी चहा टाकायला म्हणून दुकानाकडे निघाले. तर आमच्या पायरीवर गायब बसलेला. आंघोळ करून, भांग पाडून, टोपी नीट घालून. शटरला टेकून.

"अरे गाढवा, इथे काय करतोस?"

"वाट बघतोय," तो म्हणाला. "मामींना ऐकायचं होतं ना? म्हटलं मामींकडेच असेल. उजाडायच्या आधीपासून बसलोय. कुणी येतच नाही."

मी डोक्याला हात लावला. सगळ्यात आधी तयार होऊन बसलेला तोच. क्षणभर मनात आलं, याला म्हणावं, बस इथेच, मी चहा देते. कुणाला कळलं असतं? पण त्याचा तो पाडलेला भांग बघून माझ्याच्याने होईना. त्याच्या दंडाला धरलं आणि ओढत घेऊन गेले.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाक्य म्हटलं. शेवटचा शब्द गायबवर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, प्रार्थनाघरात! मामीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती उठली. हरली होती, पण शब्द दिलेला. कमरेची किल्ली काढली, पुढे गेली आणि कपाट उघडलं.

आत तोरा होती. मखमली आवरणात. आणि मखमलीवरून प्लास्टिक. आमच्या दुकानातलं, रोलवरचं. एकावर एक तीन पिशव्या, वर-खाली चिकटपट्टी लावून बंद. पोरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मला मेलं लाजल्यासारखं झालं.

"छप्पर गळत होतं त्या वर्षी," मामी कुणाकडे न बघता म्हणाली. "मी बाहेर काढली, पुसली, आणि झाकली. थेंब गेला नसेल आत."

एप्रनच्या खिशातली कात्री काढून तिने पट्टी कापली.

तो वास मला चांगला माहीत आहे. कुणी ओले कपडे पिशवीत बांधून विसरतं आणि पुष्कळ दिवसांनी आमच्याकडे आणून टाकतं. पिशवी उघडली की येतो तो, आत कोंडलेल्या ओलीचा. पोरांना काही कळलं नाही. मामीला कळलं. कात्री तशीच हातात धरून ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडावरचं रक्तच गेलं.

मखमलीवर काळे ठिपके. काका आणि पंडितने मिळून गुंडाळी टेबलावर ठेवली, हळूहळू उलगडली. कातडं एकमेकांना चिकटलेलं, सुटताना चर्र आवाज. आणि अक्षरं टेबलावर. शाईचे बारीक बारीक काळे कपटे, कातडं सोडून टेबलावर पडलेले. पंडितच्या हातात ते चांदीचं लहान बोट होतं, हाताऐवजी ओळीवर फिरवायचं. ते ओळीवर नेलं आणि तिथेच थांबलं.

"वाच ना," मॉनिटर म्हणाला.

"काय वाचू?" पंडित म्हणाला. त्याने आणखी थोडी उलगडली. मग आणखी. "एक अक्षर गेलं तरी वाचता येत नाही, दादा. इथे ओळीच्या ओळी गेल्यात."

मॉनिटरने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "हे प्लास्टिक कुणी गुंडाळलं?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. "कुणी गुंडाळलं म्हणजे? तुम्ही कुठे होतात तेव्हा? छप्पर गळतंय म्हणून तुमच्या मंडळाला पाच फोन केले होते हिने! बघू, बघू, बघू! एक बाई आपली एकटी झाडतेय, पुसतेय, झाकतेय. इतकी वर्षं कुणी विचारलं, बाई, ती गुंडाळी कशी आहे? आता पेटी घेऊन आलात, चाकांची!"

"गप्प बस," मामी म्हणाली. मग मॉनिटरकडे वळली. "मी गुंडाळलं. मीच. मी जपत होते."

आणि बाकावर बसली. तिला रडताना मी मामांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी वाहतंय आणि ती पुसतही नाही. मला सगळ्यांचा राग आला. मंडळाचा आला, छपराचा आला, काकांचा आला. त्यांनी एकदा तरी उघडून बघायला सांगायचं की नाही? आणि मामीचाही आला. सगळ्यात जास्त तिचाच आला, आणि तिला मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली नाही, कारण तिला ते चालत नाही.

पंडितने फोटो काढून तिकडे एका लिहिणाऱ्याला पाठवले. हाताने तोरा लिहिण्याचा धंदा असतो, तसा एक जण. ते फोन पहिल्यांदाच काही कामाला आले. उत्तर यायला वेळ लागला नाही. दुरुस्त होण्यापलीकडे गेलीय. आता तिला माणसासारखं पुरायचं, मातीच्या भांड्यात, कब्रस्तानात.

"म्हणजे न्यायची नाही?" गायबने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "इथेच राहणार."

मामीने मान वर केली. तिला हेच हवं होतं ना? आणि आता मिळालं ते असं.

पण मामी ती मामी. डोळे पुसून उठली. "पुरायची तर नीट पुरायची. कोरा कपडा लागेल. सुती." आणि दुकानात निघाली. मी मागे, उंच मुलगी माझ्या मागे. मामीने नवी पांढरी चादर काढली, प्रेस गरम केला. वाफ सोडली, एकेक चुणी काढली. चादर लांब, एकटीला धरता येईना. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू थांब." आणि मुलीकडे बघून म्हणाली, "तू ये गं. काल मी तुला तोडून बोलले. धर तिकडून. घट्ट धर, चुणी पडता कामा नये."

मुलीने धरलं. प्रेस होईपर्यंत मी बाहेर उभी राहिले आणि तीन गिऱ्हाइकांना उगाचच उद्या या म्हणून सांगितलं.

मातीचं भांडं शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे. इतकं लांब भांडं कुठे मिळतं? शेवटी रोपवाटिकेतून दोन उंच कुंड्या आणल्या, तोंडाला तोंड लावायला. रोपवाटिकेवाला विचारतो, "काय लावणार?" मी म्हटलं, "विचारू नका."

जागा मामांच्या शेजारची. ती मामीने स्वतःसाठी धरून ठेवली होती. काका म्हणाले, "वहिनी, तुमची जागा आहे ती."

"मी पलीकडे जाईन. मला काय, कुठेही," मामी म्हणाली.

खड्डा पोरांनी खणला. मऊ हातांची पोरं, फावडं कसं धरतात माहीत नाही. एकाने माती दुसऱ्याच्या बुटात टाकली. आडदांड मुलगा "अगं बाई, अगं बाई" करत खणत होता. हाताला फोड आले सगळ्यांच्या, पण कुणी फावडं खाली ठेवलं नाही, आणि कुणी फोटो काढला नाही. मी मुद्दाम बघत होते. चादरीत गुंडाळलेली तोरा उंच मुलीने आणि पंडितने उचलून आणली. काकांनी पुन्हा मान वळवत शब्द म्हटले. दहा भरले. मग प्रार्थना झाली. पंडितने छापील पुस्तक उघडलं आणि त्या दिवशी जो भाग वाचायचा राहिला होता तो वाचला, मोठ्याने, मामीकडे तोंड करून. मामी ऐकत होती. शेवटची ओळ होईपर्यंत ती हलली नाही.

मग सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. मामीनेही.

कब्रस्तानाच्या फाटकाशी मॉनिटरचा फोन वाजला. अध्यक्ष. आवाज एवढा मोठा की सगळ्यांना ऐकू येत होता. "म्हणजे रिकाम्या हातांनी येताय? अरे कुणाचा हा हलगर्जीपणा? नाव काय त्यांचं?"

मॉनिटरने मामीकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. "साहेब," म्हणाला, "छप्पर गळत होतं. आपल्याला फोन आले होते. आपण काहीच केलं नाही."

"माझ्या चुकीवर पांघरूण घालू नकोस रे," मामीने त्याच्या हातातून फोन ओढला. "अहो अध्यक्ष, मी नासवली. माझ्या हाताने. पण ऐका आता. कपाटात होती तोवर तुम्हाला न्यायची होती. आता ती मातीत आहे, माझ्या नवऱ्याशेजारी. आता न्यायचं काही उरलं नाही. आता यायचं. मी आहे तोवर मी तिथे जाईन रोज. माझ्यानंतर कोण जाणार?"

अध्यक्ष म्हणाले, "बघू, मामी."

"बघू नका," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

पोरं खाली माना घालून उभी. हात मातीने माखलेले. तेवढ्यात गायब पुढे आला.

"मी येईन मामी," तो म्हणाला. "दर वर्षी येईन."

मामीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या टोपीवर माती पडली होती, ती झटकली. चांगली दोनदा झटकली.

"एकटा येऊन काय करशील मेल्या?" ती म्हणाली. "बाकीचे नऊ कुठून आणू मी?"